कॅपो लावला की गिटार पेटीला जुळत नाही, स्प्रिंगवाल्या कॅपोचं नेहमीचं दुखणं

गणपती जवळ आले किंवा दिवाळी पहाटच्या तालमी सुरू झाल्या की ठाण्यात ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा हा प्रश्न येतोच. (कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून गिटारचा सूर वर नेणारा चिमटा, आणि फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या.) गिटार ट्यूनरवर नीट लावली, सहाच्या सहा तारा हिरव्या, गाणारी काळी पाचमध्ये (पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली पाचवी) गाते म्हणून तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जी शेपमध्ये (जी कॉर्डला ठेवतात तशी बोटं ठेवून) वाजवायला घेतलं आणि पेटीवाल्या काकांनी तोंड वाकडं केलं. कणसूर लागतंय. कॅपो काढून ट्यूनर बघितला तर सगळं बरोबर, परत लावला की परत तेच. मग कुणी म्हणतं कॅपो डुप्लिकेट आहे, कुणी म्हणतं गिटारच स्वस्तातली, कुणी म्हणतं तारा बदल, आणि बिचारा तो पोरगा ऑनलाइन दुसरा कॅपो मागवतो जो पहिल्यासारखाच असतो.

यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं निघतं. पण माझ्या बघण्यात बहुतेक वेळा भानगड स्प्रिंगच्या दाबाची असते, आणि ट्रिगरवाल्या, म्हणजे या स्प्रिंगच्याच, कॅपोत तो दाब कमी-जास्त करायची सोयच नसते. म्हणजे तुमच्या हातात राहतं ते फक्त कॅपो कुठे, कसा आणि कुठल्या फ्रेटवर लावायचा हे, आणि त्यातच बराचसा प्रश्न सुटतो.

पैसे घालवायच्या आधी एक टेस्ट करा, पाच मिनिटं लागतात. सेंट दाखवणारा ट्यूनर घ्या, फोनमधलं अ‍ॅपही चालेल (दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे १०० भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट). मोकळ्या तारा शून्यावर लावा. आता कॅपो न लावता, जिथे कॅपो लावणार होतात त्याच फ्रेटवर एकेक तार बोटाने दाबा, अगदी हलक्या हाताने, आवाज स्वच्छ यायला लागेल एवढंच, आणि ट्यूनर काय दाखवतोय ते कागदावर लिहा. मग कॅपो लावा आणि सहा तारांचे आकडे परत लिहा. बोटाने दाबल्यावर दोन-तीन सेंट वर जाणं नॉर्मल आहे, त्याचं टेन्शन घेऊ नका. बोटाने दोन आणि कॅपोने दहा असेल तर दोष कॅपोचा किंवा तो लावण्याचा. बोटानेही आठ-दहा वर जात असेल तर कॅपोला शिव्या घालून उपयोग नाही, गिटारचं नट (खुंट्यांकडच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) उंच आहे किंवा तारा म्हाताऱ्या झाल्यात किंवा अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर गेलीय. आणि पाच तारा ठीक पण एकच तार वेड्यासारखी वर असेल तर ती तार कॅपोखाली तिरकी ओढली गेलीय, काढून परत लावा.

लोक नेमकी ही टेस्ट करत नाहीत आणि थेट खरेदीला जातात. का कुणास ठाऊक.

आता दाबाचं गणित. तार फ्रेटच्या धातूवर टेकली की तिचं काम झालं, तिथून स्वच्छ आवाज यायला लागतो. फ्रेटची उंची साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे फ्रेटच्या मागे तारेखाली अजून थोडी पोकळी उरलेली असते, आणि कॅपो जोरात दाबत राहिला की तार त्या पोकळीत लाकडाकडे खाली खाली जाते, ताणली जाते, ताण वाढला की सूर चढतो. उंच जम्बो फ्रेट असतील तर पोकळी जास्त म्हणून चढतोही जास्त. ९-४२ सारख्या (आकडे सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) बारीक तारा असलेल्या इलेक्ट्रिकवर अकौस्टिकसाठी बनवलेला जाड स्प्रिंगचा कॅपो लावला तर ऐकवत नाही, कारण तेवढ्याच दाबाने बारीक तार जास्त वाकते. अकौस्टिकवर १२-५३ चा सेट असेल तर ती बऱ्यापैकी सहन करते. प्लेन तारांमध्ये बी तार पातळ ई पेक्षा लवकर वर जाते, त्यामुळे ट्यूनरवर आधी बी बघत जा.

स्प्रिंगवाला कॅपो म्हणजे शेवटी कपड्याचा चिमटा. एका बाजूला बिजागरी, दुसरं टोक मोकळं. चिमट्याचे दोन जबडे एकमेकांना समांतर असतात ते एका ठराविक जाडीलाच. नेक (गिटारची दांडी) त्याहून बारीक असेल तर मोकळं टोक जास्त दाबतं, नेक त्याहून जाड असेल तर बिजागरीकडची बाजू जास्त दाबते आणि टोकाकडची तार सैल राहते. आणि गिटारचा नेक सगळीकडे सारखा जाड नसतो, नटपासून बॉडीकडे जाताना तो जाड होत जातो, शिवाय रुंदही होतो. म्हणून दुसऱ्या फ्रेटवर मस्त चालणारा कॅपो सातव्यावर गेला की एका कडेची तार थडथडायला लागते, वर स्प्रिंग अजून उघडल्यामुळे एकूण दाबही वाढलेला असतो, म्हणजे एकाच वेळी चार तारा शार्प (चढ्या) आणि एक तार बझ (थडथडणारी). हे बघून लोक गोंधळतात की दाब जास्त आहे की कमी? दोन्ही आहे! जास्त आहे पण वाटणी चुकलीय.

यावर पहिला उपाय फुकट आहे. कॅपो उलटा लावून बघा, म्हणजे हँडल वरच्या बाजूला येत असेल तर खालून लावा. काही कॅपोंचं रबर एका बाजूला जरा निमुळतं असतं, त्यांना एकच बाजू चालते, पण बऱ्याच साध्या कॅपोंना दोन्ही चालतात आणि कधी कधी एवढ्यानेच काम होतं. दुसरा उपाय, कॅपो किती आत ढकलायचा ते बदलून बघा, पूर्ण आत न नेता टोक शेवटच्या तारेच्या जेमतेम बाहेर येईल एवढाच ठेवा, किंवा उलट, टोकाची तार बझ होत असेल तर अजून आत सरकवा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा खेळ आहे पण फरक कानाला कळतो.

लावायची जागा. फ्रेटच्या पट्टीच्या लगेच मागे, जवळजवळ चिकटून, पण पट्टीवर चढवायचा नाही. चढला की तारा दबक्या वाजतात, खूप मागे राहिला की तार खोलात दबते आणि शार्प होते. पहिल्या फ्रेटचं घर ३६ मिलिमीटरच्या आसपास असतं (तारेची वाजणारी लांबी, म्हणजे स्केल लेंथ, ६४८ मिलिमीटर धरून), कॅपोचं रबर त्याच्या निम्म्याहूनही कमी रुंद, त्यामुळे नवशिके तो निवांत घराच्या मधोमध ठेवतात. बोट ठेवताना सर ओरडायचे ना फ्रेटजवळ ठेव म्हणून, ते कॅपोलाही लागू आहे. आणि कॅपो फ्रेटला समांतर हवा, तिरका असेल तर एक कड बरोबर आणि दुसरी चुकीची.

सोडायचा कसा हे कुणी शिकवत नाही. बहुतेक जण हँडल दाबून कॅपो नेकवर नेतात आणि फटकन सोडून देतात, मग तारा जिथे सापडतील तिथे दाबल्या जातात, थोड्या बाजूला ओढल्याही जातात. हँडल पूर्ण उघडा, रबर तारांवर सरळ वरून टेकवा, आणि हात हळूहळू सैल करा. नंतर प्रत्येक तार साउंडहोलवर किंचित वर उचलून सोडा, अगदी थोडी, म्हणजे रबराखाली अडकलेला ताण मोकळा होतो. लाइव्ह वाजवताना कॅपो न उघडता दुसऱ्या फ्रेटवरून चौथ्यावर सरकवत नेणारे लोक मी बघितलेत, दिसायला भारी दिसतं, पण तारा सोबत ओढल्या जातात आणि पुढचं गाणं बेसूर सुरू होतं.

एवढं करूनही चार-पाच सेंट उरले तर कॅपो लावलेल्या अवस्थेतच ट्यून करा. यात एक गोची आहे, कॅपोने तार धरून ठेवलेली असते त्यामुळे खुंटी फिरवली तरी फरक लगेच पलीकडे जात नाही, तुम्ही अजून फिरवता आणि मग एकदम उडी मारते. खुंटी जराशी फिरवा, तार उचलून सोडा, मग ट्यूनर बघा. दोन-तीन सेंटसाठी खुंटीला हातही लावू नका. नट आणि कॅपोच्या मधे तार बोटाने दाबली की सूर किंचित चढतो, वाजवायच्या बाजूला तार ओढली की किंचित उतरतो. स्टेजवर दोन गाण्यांच्या मधे हेच करायचं, प्रेक्षकांना कळतही नाही.

आता पेटी. एकट्याने वाजवताना सहाही तारा सारख्याच सहा सेंट वर गेल्या तरी कुणाला समजत नाही कारण गिटार स्वतःशी जुळलेलीच असते. पेटीसमोर मात्र पकडले जाता, तिचे सूर पक्के, ती जागची हलणार नाही. त्यात अनेक जुन्या पेट्या ४४० वर नसतात, ट्यूनरच्या मते चार-पाच सेंट इकडे-तिकडे असतात. तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी आधी काकांना पांढरी सहा धरून ठेवायला सांगा, ट्यूनर अ‍ॅपमधला ४४० चा आकडा बदलून तो सूर शून्यावर आणा (४३९, ४४१ जे काय निघेल ते), आणि मग त्या आकड्यावर गिटार लावा. नुसतं हे केलं तरी निम्मी भांडणं मिटतात, कारण अनेकदा कॅपो आपला दोन-तीन सेंटच वर असतो आणि पेटी तेवढीच खाली, दोघांचं मिळून कानाला टोचतं. पडताळायला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो असताना मोकळी तिसरी तार वाजवा, ती काळी पाच असते, पेटीची काळी पाच सोबत धरा, सूर हेलकावे खात असेल तर अजून जुळायचंय.

पट्टी एकच असली तरी कॅपोची जागा निवडता येते हेही बरेच जण विसरतात. काळी एक हवी असेल तर सी शेप पहिल्या फ्रेटवर, नाहीतर ए शेप चौथ्यावर. काळी दोनला सी शेप तिसऱ्यावर किंवा डी शेप पहिल्यावर. पांढरी चारला ई शेप पहिल्यावर, डी तिसऱ्यावर, सी पाचव्यावर. काळी चारला जी शेप पहिल्यावर किंवा ई चौथ्यावर, आणि काळी पाचला जी तिसऱ्यावर किंवा ए पहिल्यावर. पहिला फ्रेट कॅपोला सगळ्यात त्रासाचा, नट अगदी शेजारी असल्याने तिथे तारा ताठ असतात, नट थोडं जरी उंच असेल तरी तारा तिथे जास्त वाकवाव्या लागतात. सातव्याच्या पुढे नेक जाड. दोन ते पाच या पट्ट्यात स्प्रिंगवाला कॅपो सगळ्यात शहाण्यासारखा वागतो, तेव्हा शेप बदलून तिथे बसवता आलं तर बसवा.

बझबद्दल थोडक्यात. कॅपो लावला की बझ येतो आणि कॅपो वरून बोटांनी अजून दाबला की जातो, तर दाब अपुरा आहे, स्प्रिंग थकली किंवा रबराला तारांच्या खाचा पडल्यात. अजून दाबूनही जात नसेल तर पुढचा फ्रेट उंच असेल किंवा नेक फार सरळ झाला असेल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर खड्डे पडले असतील. नेक बघायचा तर कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा, जाड ई तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सहाव्या-सातव्यापाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट आहे का बघा. १० गेजच्या सेटमधल्या पातळ ई तारेची जाडी पाव मिलिमीटर असते, जुना तुकडा असेल तर तो फटीत घालून बघा, जेमतेम जात असेल तर ठीक. फट अजिबातच नसेल तर ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या सळईचं) काम, यूट्यूब बघून स्वतः पिळू नका, सेटअप करणाऱ्याकडे द्या. उलट, मोकळ्या तारांना बझ आणि कॅपो पहिल्यावर लावला की गायब, असं असेल तर नटची खाच जास्त खोल झालीय.

आणखी एक तक्रार येते ती कॅपो काढल्यानंतरची. लावला तेव्हा ठीक होतं, काढला आणि मोकळ्या तारा उतरलेल्या. हे नटचं काम. कॅपोने तार खाली ओढली तेव्हा ती नटच्या खाचेतून थोडी पुढे सरकली आणि तिथेच अडकून बसली, मागे गेली नाही. तार सैल करून खाचेतून बाजूला काढा, खाचेत टूबी पेन्सिलचं टोक चार-पाच वेळा फिरवा, तार परत बसवा. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं. ट्यून करताना खुंटी पिळली की टिक असा आवाज येत असेल तर हाच रोग आहे हे नक्की समजा.

पावसाळ्यात हे सगळं एकदम अंगावर येतं. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जूनपासून हवा त्याच्या कितीतरी वर, त्यात खाडीकडच्या बिल्डिंगमध्ये, वाशी-ऐरोलीला राहणाऱ्यांचे तर हालच. लाकूड पाणी पितं, समोरची फळी फुगते, ब्रिज (फळीवरची, तारांचं खालचं टोक धरणारी पट्टी) वर येतो, अ‍ॅक्शन वाढते, मार्चमध्ये बरोबर असलेली गिटार ऑगस्टमध्ये प्रत्येक फ्रेटवर चढी वाजते, आणि नेमके गणपती तेव्हाच. गिटार केसमध्ये ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा. तारा गंजल्या असतील, बोट फिरवल्यावर खालून खाचा लागत असतील, तर कॅपोचा प्रयोग करण्याआधी त्या बदला. कॅपोची स्प्रिंग आणि बिजागरीही गंजते, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो, फक्त रबराला लागू देऊ नका. वाजवून झाल्यावर कॅपो नेकवर तसाच ठेवून गिटार आठवडाभर कोपऱ्यात उभी करू नका, रबरात खाचा पडतात. गाण्यांच्या मधे हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या टोकावर) अडकवायला हरकत नाही.

तरीही नवीनच घ्यायचा असेल तर आधी गिटार कुठली ते बघा. स्टीलच्या अकौस्टिकचा फिंगरबोर्ड मधे किंचित फुगीर असतो, मार्टिनवर १६ इंच त्रिज्येचा, टेलरवर १५, गिब्सनवर १२, जुन्या पद्धतीच्या फेंडर इलेक्ट्रिकवर ७.२५. आकडा लहान तेवढा फुगवटा जास्त. क्लासिकलचा सपाट असतो आणि नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर रुंद, स्टीलवाल्यांचा ४३-४४. त्यामुळे क्लासिकलवर गोलाईचा कॅपो लावला की मधल्या किंवा कडेच्या तारा सुटतात, आणि क्लासमध्ये नायलॉनच्या तारांची गिटार वाजवणाऱ्या लहान मुलांना घरचे नेमका तोच आणून देतात. डनलॉपचा ट्रिगर सपाट आणि गोल दोन्ही प्रकारांत येतो. कायझरचे सहा तारा, बारा तारा, क्लासिकल, इलेक्ट्रिक असे वेगवेगळे आहेत आणि कमी ताणाचाही एक आहे, बारा तारांवाल्याची स्प्रिंग जास्त कडक, तो चुकून सहा तारांवर घेऊ नका.

माझं मत विचाराल तर, दर गाण्याला पट्टी बदलत असेल आणि एका हाताने कॅपो हलवायचा असेल तर स्प्रिंगवालाच बरा, त्या वेगाला तोड नाही. पण बहुतेक वेळ पेटी, बासरी, कीबोर्डसोबत वाजवत असाल तर दाब ठरवता येणारा घ्या. शबचा लिव्हरवाला, त्यात मागे स्क्रू असतो, एकदा आपल्या नेकला सेट केला की झालं (पण दुसऱ्याहून सातव्यावर गेलात तर स्क्रू परत फिरवावा लागतो, याचा कंटाळा येतो), किंवा डॅडारिओचा एनएस, त्यात दाब स्क्रूने अगदी बारीक बारीक वाढवता येतो. दोनशे-तीनशेच्या बिननावाच्या कॅपोंपेक्षा हे कितीतरी महाग, पण ते दोनशेवालेही सगळे टाकाऊ नसतात, एकाच पाकिटातल्या दोघांची स्प्रिंग वेगवेगळी लागते एवढंच. म्हणून शक्य असेल तर दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा. मुंबईत वाद्यांच्या दुकानांसाठी धोबी तलावला जायचं तर दुपारी बारानंतरची लोकल पकडा, सकाळच्या फास्टमध्ये गिटार घेऊन चढलात तर कॅपोच्या आधी नेक बदलावा लागेल. दुकानात दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर लावून एकेक तार वाजवून बघा, फोनचा ट्यूनर चालू ठेवा, आणि सातव्यावर कडेची तार थडथडली तर बिनधास्त दुसरा पीस मागा.